वायर सगळ्यात शेवटी: सायकलचे व्ही-ब्रेक घरच्या घरी कसे जुळवायचे

ब्रेक लागत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला हात वायरला जातो. लिव्हरजवळची फिरकी दोन-चार पीळ फिरवायची, नाहीतर खालचा बोल्ट सैल करून वायर पकडीने ओढायची आणि पुन्हा आवळायची. दोन मिनिटांत लिव्हर कडक लागायला लागते आणि काम झालं असं वाटतं. आठवडाभरात चाक घासू लागतं, नाहीतर ब्रेक किंचाळतो, नाहीतर लिव्हर परत हँडलला टेकते. मग पुन्हा वायर.

माझ्या सायकलचं असंच झालं होतं. सर्व्हिसिंग करून आणलेली, लिव्हर छान कडक. पण मागच्या ब्रेकचं एक रबर रिमच्या वर सरकून टायरला दीड-दोन मिलिमीटर घासत होतं. मी लिव्हर दाबून पाहिली होती, वाकून रबराकडे पाहिलं नव्हतं. तीन आठवड्यांनी कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना टायरची बाजू फाटली, ट्यूबचा फुगा बाहेर आला आणि फुटला. मागचं चाक होतं म्हणून सावरून कडेला थांबता आलं. त्या दिवसापासून ब्रेक मी स्वतः जुळवतो आणि क्रम कधी बदलत नाही: आधी चाक, मग रिम, मग आर्म, मग रबर, आणि वायर सगळ्यात शेवटी. वायरचं काम एवढंच की आधीच नीट बसवलेलं रबर रिमपर्यंत न्यायचं. रबर चुकीच्या जागी असेल तर वायर ते चुकीच्याच जागी अधिक जोराने दाबते.

पहिल्यांदा करताना एका चाकाला तास-दीड तास लागेल. रविवारी सकाळी करा, संध्याकाळी कुठे जायचं असताना घाईत करू नका.

तुमचा ब्रेक कोणता?

रिमवर दाबून चाक थांबवणारे ब्रेक आपल्याकडे तीन प्रकारचे दिसतात. दूधवाल्यांच्या काळ्या, २८ इंची चाकांच्या सायकलींना रॉड ब्रेक असतो. त्यात वायर नसतेच. लिव्हरपासून खालपर्यंत लोखंडी सळ्या जातात आणि रबरं रिमच्या आतल्या बाजूवर, म्हणजे तुंब्याकडे (चाकाच्या मधल्या गाभ्याकडे) तोंड केलेल्या पृष्ठभागावर दाबली जातात. दुसरा कॅलिपर: टायरच्या वरून घोड्याच्या नालेसारखा आलेला, एकाच बोल्टवर मधोमध टांगलेला. लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींना आणि रेसिंग सायकलींना हा असतो. तिसरा व्ही-ब्रेक: फोर्कच्या, म्हणजे चाक दोन्हीकडून धरणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही बाजूंना एकेक उभा लांब आर्म, आणि वर त्यांना जोडणारी आडवी वायर. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९६ च्या सुमारास तो माउंटन बाइकसाठी आणला आणि आता गिअरच्या, बिनगिअरच्या, हायब्रिड अशा असंख्य सायकलींवर तोच दिसतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे. कॅलिपरवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे. डिस्क ब्रेकचं तंत्र वेगळं, ते इथे नाही.

व्ही-ब्रेक चालतो कसा ते एकदा डोळ्यांनी पाहा. कोणाला तरी लिव्हर हळूहळू दाबायला सांगा आणि तुम्ही चाकापाशी बसा. वायर दोन्ही आर्मची वरची टोकं एकमेकांकडे ओढते. आर्म खाली फोर्कवरच्या खुंटीवर फिरतात आणि मध्ये बसवलेली रबरं रिमला भिडतात. लिव्हर सोडली की आर्मच्या मागची तारेची स्प्रिंग त्यांना परत उघडते. या चार गोष्टी, म्हणजे वायर, खुंटी, रबर आणि स्प्रिंग, ओळखता आल्या की पुढचं सगळं समजेल.

काय काय हवं

५ मिलिमीटरची अ‍ॅलन की हवीच. व्ही-ब्रेकचं जवळजवळ सगळं काम तिच्यावर होतं. काही स्वस्त सायकलींवर तिच्या जागी १० नंबरचा पाना लागतो. बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुन्या सुती कापडाचे दोन-तीन तुकडे, औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट, बारीक सँडपेपर, एक सुई, थोडं ग्रीस. आणि एक जुनी लग्नपत्रिका. तिच्या जाड पुठ्ठ्याचा उपयोग पुढे सांगतो.

सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली तरी चालेल. मात्र तसं केल्यावर वर-खाली उलटं होतं, आणि रबर ‘थोडं खाली’ घ्यायचं असताना नेमकं टायरकडे सरकवलं जातं. शक्य असेल तर सायकल सरळच ठेवा आणि ज्या चाकाचं काम चाललंय ते जमिनीपासून उचललेलं राहील असा काही टेकू द्या.

आधी चाक

चाक फोर्कमध्ये नीट बसलं आहे का ते पहिल्यांदा बघा. दोन्ही बाजूंचे नट किंवा क्विक रिलीज (हाताने उघडायची खिट्टी) सैल करा, सायकलचा भार चाकावर येऊ द्या, एक्सल म्हणजे चाकाचा आस खाचेत पूर्ण वर जाऊ द्या आणि पुन्हा आवळा. ब्रेक एका बाजूला घासतोय अशी तक्रार कित्येकदा एवढ्यावरच मिटते.

आता चाक सावकाश फिरवा आणि नजर एका रबरावर ठेवा. रिम आणि रबर यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर चाकाला आऊट आहे. अर्धा मिलिमीटर फरक चालतो. दोन मिलिमीटर असेल तर ब्रेक जुळवण्यात अर्थ नाही. एका जागी रबर घासेल, दुसऱ्या जागी लांब राहील, आणि तुम्ही दिवसभर वायर सैल-घट्ट करत बसाल. आधी मेकॅनिककडून चाकाचा आऊट काढून घ्या. चाकाच्या तारा (स्पोक) आवळून चाक सरळ करणं हे वेगळं कौशल्य आहे, नवख्याने ब्रेकबरोबर तेही शिकायला घेऊ नये. रिम हातात धरून डावी-उजवीकडे हलवूनही बघा. खडखड हलत असेल तर तुंब्याच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे, तीही आधी काढून घ्यायची.

रिम आणि रबर

दोन्ही आर्म हातात धरून एकमेकांकडे दाबा. वरची वायर ढिली पडेल. ती जिथून येते ती वाकडी धातूची नळी एका आर्मच्या खाचेत अडकवलेली असते. ती खेचून खाचेतून बाहेर काढली की ब्रेक उघडतो आणि आर्म दोन्ही बाजूंना पडतात. चाक काढतानाही हेच करतात. काम झाल्यावर ही नळी परत पूर्ण आत बसली आहे ना, हे दरवेळी बघायची सवय लावून घ्या. ती अर्धवट अडकलेली राहिली तर भर रस्त्यात ब्रेक एकदम नाहीसा होतो.

उघडल्यावर रिमची दोन्ही बाजूंची पट्टी स्पिरिटच्या कापडाने पुसा. कापड काळंकुट्ट होईल, दोन-तीनदा पुसावं लागेल. रॉकेलने पुसू नका. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि ब्रेक घसरतो. चेनवर तेलाचा किंवा डब्ल्यूडी-४० चा फवारा मारताना तो मागच्या रिमवर उडतो, हेही ब्रेक न लागण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. भांड्यांचं साबणाचं पाणी चालतं, फक्त नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं करा.

पुसताना रिम किती झिजली आहे तेही तपासा. पुष्कळ अ‍ॅल्युमिनियम रिमच्या पट्टीवर सभोवार एक बारीक खाच किंवा एखादा छोटा खळगा कोरलेला असतो. खाच दिसेनाशी झाली की रिमचं आयुष्य संपलं. खाच नसेल तर मोजपट्टीची कड उभी धरून रिमच्या पट्टीला लावा. मध्ये वाटीसारखी खोल जागा जाणवली तर रिम पातळ झाली आहे. अशी रिम आतल्या हवेच्या दाबाने फाटू शकते, तिच्यावर कितीही चांगला ब्रेक जुळवला तरी उपयोगाचा नाही.

मग रबरं. त्यांच्यावर आडव्या खाचा असतात आणि बहुतेकांवर झीज दाखवणारी एक रेघ. खाचा बुजल्या असतील किंवा रेघ आली असेल तर नवीन जोड घ्या, दोन्ही बाजूंचा एकदमच. अजून दम असेल तर पृष्ठभाग नीट निरखा. चकचकीत काचेसारखा झाला असेल तर सँडपेपरने हलका घासून खरखरीत करा. अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतील, ते सुईने एकेक टोकरून काढा. हेच कण रिमला ओरखडे पाडतात. चाक फिरताना खर्र-खर्र आवाज येतो तो बहुधा त्यांचाच.

आर्म मोकळे आहेत का

वायर धरणारा बोल्ट अ‍ॅलन कीने सैल करा आणि वायर त्यातून सोडवा. इथे पुष्कळांचा जीव धजत नाही, पण वायर ताणलेली ठेवून रबर जुळवायला गेलात तर ते कुठे बसतंय ते समजत नाही.

आता प्रत्येक आर्म बोटाने रिमकडे ढकला आणि सोडा. तो टणकन मागे गेला पाहिजे. अडखळत, सावकाश जात असेल तर खुंटीवर गंज किंवा वाळलेली माती आहे. पावसाळ्यानंतर बाल्कनीत उभ्या राहिलेल्या सायकलींचं हे ठरलेलं दुखणं. आर्मचा खालचा बोल्ट काढा, आर्म खुंटीवरून ओढून बाहेर घ्या, खुंटी सँडपेपरने साफ करून पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. परत बसवताना स्प्रिंगचं टोक खुंटीशेजारच्या भोकात जातं. तिथे सहसा तीन भोकं असतात. दोन्ही बाजूंना मधलंच वापरा. एकीकडे वरचं आणि दुसरीकडे मधलं झालं तर ब्रेक जन्मभर एकाच बाजूला ओढत राहील. बोल्ट नीट आवळा, पण जोर बेताचा. आवळल्यानंतरही आर्म मोकळा फिरला पाहिजे.

रबर बसवणं

खरा ब्रेक इथे जुळतो. एकूण वेळेतला अर्धा वेळ इथे गेला तरी हरकत नाही.

आधी दिशा. शूवर, म्हणजे दांडीसकट येणाऱ्या अख्ख्या रबरावर, पुढच्या दिशेचा बाण किंवा डावा-उजवा अशी खूण असते. शू किंचित वाकडा असतो, रिमच्या गोलाईला जुळणारा. उलटा लावला तर एक टोक टायरमध्ये आणि दुसरं तारांकडे जातं. काही चांगल्या शूंमध्ये धातूच्या खोबणीत रबर सरकवून बसवलेलं असतं आणि एक टोक उघडं असतं. ते उघडं टोक मागेच हवं. ब्रेक मारल्यावर फिरती रिम रबराला पुढे ओढते. उघडं टोक पुढे असेल तर रबर खोबणीतून निसटून बाहेर पडू शकतं.

मग वायसर. शूच्या दांडीवर वाटीसारखे आणि घुमटासारखे वायसर जोडीने येतात. एक जोडी आर्मच्या आत, एक बाहेर. त्यांच्यामुळे शू हव्या त्या कोनात कलता येतो. यात एक वाटी जाड असते, एक पातळ. रबरं रिमला टेकलेली असताना दोन्ही आर्म साधारण उभे, एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. आर्म वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकले असतील तर जाड वाटी आत घ्या, फारच बाहेर फाकले असतील तर पातळ. वायसर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चारही शूंचे वायसर एका ताटलीत मिसळले की कोणता कुठला ते आठवत नाही.

आता जागा ठरवायची. शूचा नट इतपत सैल ठेवा की शू हलवता येईल पण आपोआप पडणार नाही. आर्म हाताने रिमवर दाबा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, उंची. संपूर्ण रबर रिमच्या पट्टीवर हवं. वरचा काठ टायरपासून निदान एक मिलिमीटर खाली. टायरला रबर जरासुद्धा लागता कामा नये, का ते वर सांगितलंच. खालच्या बाजूलाही रबर रिमबाहेर लोंबत नको. व्ही-ब्रेकमध्ये रबर जसं झिजतं तसा आर्म आणखी आत फिरतो आणि रबर हळूहळू खाली, तारांकडे सरकत जातं. फार खाली लावलेलं रबर पुढे कधीतरी रिमच्या खालून निसटून तारांमध्ये घुसू शकतं. म्हणून नवीन रबर पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागाकडे लावतात. खाली लावून झिजलेल्या रबराला खालच्या बाजूला एक ओठ तयार झालेला दिसतो, तो दिसला की समजायचं जागा चुकली होती.

दुसरी, गोलाई. रबराची दोन्ही टोकं रिमच्या काठापासून सारख्या अंतरावर हवीत. बाजूने नीट बघा, एक टोक वर गेलेलं पटकन दिसतं.

तिसरी, पुढचं टोक आधी टेकणं. रबर सपाट टेकलं तरी ब्रेक लागतो, पण बहुतेक सायकलींवर तो किंचाळतो. कारण असं: फिरणारी रिम रबराला पुढे ओढते, आर्म थोडा पिळला जातो, सुटतो, पुन्हा पिळला जातो, आणि ही थरथर आवाज होऊन बाहेर येते. पुढचं टोक अर्धा ते एक मिलिमीटर आधी टेकेल असं लावलं की आर्म पिळल्यावर सगळं रबर सपाट बसतं. लग्नपत्रिका इथे लागते. तिची बोटभर पट्टी कापा, दुहेरी घडी करा आणि रबराच्या मागच्या टोकाखाली, रिम आणि रबर यांच्यामध्ये ठेवा. पुढचं म्हणजे सायकल ज्या दिशेला जाते ते टोक, दोन्ही चाकांना सारखंच.

पट्टी जागेवर ठेवून एका हाताने आर्म रिमवर गच्च दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने नट आवळा. शेवटच्या पिळाला शू नटाबरोबर थोडा फिरतो आणि मेहनतीने लावलेला कोन बिघडतो. पहिल्या दोन-तीन वेळा सगळ्यांचंच असं होतं. उपाय असा की शू पक्कडीने हलका धरून ठेवायचा, किंवा फिरण्याच्या उलट दिशेला आधीच किंचित कलता ठेवायचा. आवळण्याचा जोर ६ ते ८ न्यूटन-मीटर लागतो. टॉर्क रेंच नसेल तर ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीची लांब बाजू हातात धरा आणि तिच्या टोकाला आठ-दहा किलोची पिशवी उचलायला लागतो तेवढा जोर द्या. त्याहून कमी असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर शू फिरतो, फार जास्त दिला तर आटे जातात.

आता पट्टी काढून घ्या. हेच दुसऱ्या बाजूला. दोन्ही रबरं समोरासमोर, आरशात दिसल्यासारखी.

आता वायर

वायर ओढण्याआधी ती ओढण्याजोगी आहे का बघा. लिव्हरपाशी आणि बोल्टच्या खाली तिचे धागे तुटलेले दिसतात. एक धागा जरी तुटला असेल तरी बदला. आउटरमधून, म्हणजे वायरवरच्या जाड आवरणातून, वायर हाताने मागे-पुढे ओढून बघा, खरखर लागली तर आत गंज आहे. नवीन घेताना दुकानात ब्रेकची वायर आणि ब्रेकचं आउटर असं स्पष्ट सांगून घ्या. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. गिअरचं आउटर ब्रेकला लावलं तर जोराच्या दाबाने ते फुटू शकतं, आणि जोराचा ब्रेक आपण संकटातच मारतो. कापलेलं टोक चपटं झालेलं असतं, ते सुईने गोल उघडून घ्या.

लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर (सुरुवातीला सांगितलेली फिरकी) पूर्ण आत फिरवा आणि मग दोन पीळ बाहेर काढा. पुढे बारीक फेरफार करायला दोन्हीकडे जागा राहते. त्याच्यावरच्या गोल रिंगेत, अ‍ॅडजस्टरमध्ये आणि लिव्हरमध्ये एकेक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वायर तिथून बाहेर निघते. काम झाल्यावर त्या एका रेषेत ठेवू नका.

वाकडी नळी खाचेत बसवा, वायरवर रबरी नळकांडं चढवा, वायर बोल्टच्या वायसरखालून घ्या. आता एका हाताने दोन्ही आर्म रिमकडे दाबा, रबर आणि रिममध्ये दोन्ही बाजूंना एक ते दीड मिलिमीटर फट राहू द्या, आणि दुसऱ्या हाताने वायरची ढिलाई काढून बोल्ट आवळा. पक्कडीने वायर ताणून ओढू नका. ढिलाई संपली की पुरे. नळीचं टोक आणि बोल्ट यांच्यात साधारण ४ सेंटीमीटर अंतर हवं, नाहीतर जोरात दाबल्यावर दोन्ही एकमेकांना भिडतील आणि ब्रेक तिथेच अडेल. रबर झिजल्यावर हे अंतर कमी होत जातं, तेही अधूनमधून बघायचं.

बोल्टचा जोर शूसारखाच. वायर चपटी होऊन धागे पसरले तर फार झालं.

मग लिव्हर पूर्ण जोराने दहा-पंधरा वेळा दाबा. घाबरू नका, अगदी हँडलकडे नेऊन दाबा. वायर सुटायची असेल तर ती आता, घरात सुटू दे. या दाबण्याने आउटरची टोकं जागेवर बसतात आणि लिव्हर थोडी सैल होते. तेवढी ढिलाई अ‍ॅडजस्टर बाहेर फिरवून भरून काढा.

दोन्ही बाजूंना सारखी फट

आता एक रबर रिमजवळ आणि दुसरं लांब दिसेल. बहुतेक वेळा दिसतंच. यासाठी वायरला हात लावू नका. प्रत्येक आर्मच्या तळाशी बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो स्प्रिंगचा ताण बदलतो. आत आवळला की त्या बाजूची स्प्रिंग कडक होते आणि तो आर्म रिमपासून दूर जातो. दुसरा तेवढाच जवळ येतो. म्हणजे जे रबर घासतंय त्या बाजूचा स्क्रू आवळायचा. एका वेळी पाव पीळ, मग लिव्हर दोनदा दाबायची, मग बघायचं. स्क्रू पूर्ण आत गेला तरी फरक पडत नसेल तर दुसऱ्या बाजूचा सैल करा. तरीही नाही जमलं तर खुंटीवरचा गंज किंवा स्प्रिंगचं भोक, यांपैकी काहीतरी आधी सुटलंय. पुन्हा तिथे जा.

रस्त्यावर जाण्याआधी

लिव्हर साधारण अर्ध्या वाटेवर असताना ब्रेक पूर्ण धरला पाहिजे, आणि सगळा जोर लावला तरी लिव्हर हँडलला टेकता कामा नये. घरात लहान मुलं किंवा लहान हातांचं कोणी असेल तर लिव्हरच्या मुळाशी असलेला छोटा स्क्रू आत फिरवा. त्याने लिव्हर हँडलच्या जवळ येते आणि बोटं आरामात पोचतात. आईच्या किंवा मुलीच्या सायकलवर हे कोणी करून देत नाही, आणि त्या बिचाऱ्या बोटांच्या टोकांनी ब्रेक मारत राहतात. हा स्क्रू फिरवल्यावर अ‍ॅडजस्टर पुन्हा बघायला लागतो.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला: मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला: मागचं चाक न फिरता घसटलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवी लिव्हर पुढच्या ब्रेकची असते, तुमची कोणती ते एकदा पाहून ठेवा. त्यानंतर गल्लीत सावकाश चालवत दोन्ही ब्रेक आधी हलके, मग जोरात मारून बघा. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. ‘पुढचा मारला की उलटतो’ या भीतीने तो सैल ठेवणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. दोन्ही जुळवा, दोन्ही एकदम आणि वाढत्या जोराने मारा, शरीर जरा मागे घ्या.

तरीही काही राहिलं तर

आवाज येत असेल तर आधी रिम पुन्हा स्पिरिटने पुसा, मग रबर सँडपेपरने घासा, आणि त्यानंतरच लग्नपत्रिकेच्या पट्टीचं काम परत करा. याच क्रमाने, कारण आवाजाचं मूळ बऱ्याचदा रिमवरच्या तेलकटपणात असतं. लिव्हर स्पंजसारखी दबत असेल तर आउटर खूप लांब, वळणावळणाचं किंवा टोकाला चपटं झालेलं आहे का बघा. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा थोडा मऊ लागणारच, त्याची वायर लांब असते. दर फेरीला एकाच जागी ब्रेक हिसका देत असेल तर रिमचा सांधा किंवा पोचा आहे, तो ब्रेकमधून निघणार नाही. लिव्हर बदलली असेल तर ती व्ही-ब्रेकचीच आहे ना बघा. कॅलिपरची लिव्हर वायर कमी ओढते, त्यामुळे व्ही-ब्रेकला ती पुरत नाही.

कॅलिपर ब्रेक असेल तर चाक, रिम, रबराची उंची, पुढचं टोक आधी, वायर शेवटी, हे सगळं तसंच. फरक मधल्या बोल्टचा. एक बाजू घासत असेल तर मागचा नट थोडा सैल करून संपूर्ण ब्रेक हाताने मधोमध आणा आणि आवळा. काही कॅलिपरना यासाठी वर एक वेगळा बारीक स्क्रू असतो.

पावसाळा आणि घाट

पावसात अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या रबर फक्त पाणी पुसत असतं. चमकदार क्रोमच्या लोखंडी रिमवर तर ओल्यात ब्रेक फारच कमी लागतो. मुलाला पावसात शाळेत पाठवताना हे त्याला करून दाखवा, तोंडी सांगून ते कळत नाही. वळणाच्या, उताराच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक धरून रिम कोरडी करून घ्यायची.

पावसातून आल्यावर रिम आणि रबरांवर मगभर पाणी ओता. लाल मातीचे बारीक कण रबरात बसतात आणि सँडपेपरसारखी रिम खातात. माझं रबर उन्हाळ्यात महिनोन् महिने टिकतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांदेखत झिजतं, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी मी अ‍ॅडजस्टर, रबराची उंची आणि सुईचं काम एवढं बघतोच.

सिंहगडासारखा लांब उतार असेल तर ब्रेक सतत घासत ठेवू नका, रिम तापते. चांगला दाबून वेग कमी करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मध्ये थांबलात तर रिमला लगेच बोट लावू नका, चटका बसेल इतकी ती तापलेली असू शकते.

नवीन वायर किंवा नवीन रबर टाकलं असेल तर पहिल्या आठवड्यात लिव्हर पुन्हा थोडी सैल होईल. आउटर आणि वायर जागेवर बसत असतात, बिघाड नाही. तेव्हा मात्र अ‍ॅडजस्टर एक-दोन पीळ बाहेर काढा आणि त्याची रिंग आवळून ठेवा.